खासदारामार्फत संसदेत प्रश्न: कोणत्या खिडकीवर काम होतं, कोणत्या खिडकीवर नुसती गर्दी

एक्स्प्रेसला थांबा हवा, महामार्गावरचा उड्डाणपूल रखडलाय, ईपीएस-९५ ची (पीएफशी जोडलेल्या निवृत्तिवेतन योजनेची) किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकून पडलीय. असे विषय घेऊन माणसं खासदारांच्या संपर्क कार्यालयात येतात आणि मागणी बहुतेकदा एकाच शब्दांत करतात: "साहेब, संसदेत आवाज उठवा." आवाज उठवायच्या लोकसभेत सहा-सात रीती आहेत. त्यांतली कोणती वापरली यावर हातात काय पडणार ते ठरतं. हे परीक्षण त्या रीतींचं, मतदाराला मिळणारी एक सेवा म्हणून. आणि संसद डॉट इन या संकेतस्थळाचं, कारण काम झालं की नुसती बातमी झाली हे शेवटी तिथेच कळतं. कोणत्या खासदाराचं हे प्रगतिपुस्तक नाही.

निकाल आधीच सांगायचा तर असा: ज्याला कुणी भाव देत नाही तो अतारांकित प्रश्न सगळ्यांत कामाचा. ज्याची चित्रफीत तालुकाभर फिरते तो शून्य प्रहर, म्हणजे सभागृहात तातडीचे विषय थोडक्यात मांडायची वेळ, सगळ्यांत कमी देणारा. बाकीच्या खिडक्या या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

अतारांकित प्रश्न: कागदावर सही मिळते

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित म्हणजे तोंडी उत्तराचा, अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचा. अतारांकितवर सभागृहात चर्चा नाही, कॅमेरा नाही, बाकं वाजवणं नाही. पण ठरलेल्या तारखेला मंत्र्याच्या नावाने उत्तर पटलावर ठेवावंच लागतं, आणि त्याच दिवशी ते संकेतस्थळावर चढतं. सभागृह गोंधळात तहकूब झालं तरी लेखी उत्तरं निघतात. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, तेव्हाही अतारांकित प्रश्न चालू होते. इतकी खात्रीची दुसरी खिडकी संसदेत नाही.

सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. 'पूर्ण' म्हणजे सूचना दिल्याचा आणि उत्तराचा असे दोन्ही दिवस वगळून. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार. चुकीच्या वारासाठी दिलेला प्रश्न फुकट जातो. एका खासदाराला एका दिवसासाठी तारांकित-अतारांकित मिळून पाचच सूचना देता येतात. २०१८ पर्यंत ही मर्यादा दहा होती. त्या पाचांतूनही सगळे लागतील असं नाही, कारण क्रम संगणकीय सोडतीने लागतो. म्हणून मतदाराचं निवेदन अधिवेशनाच्या किमान महिनाभर आधी कार्यालयात पोचलेलं बरं. अधिवेशन सुरू झाल्यावर आलेल्या निवेदनाचं करायला शून्य प्रहराशिवाय फारसं काही उरत नाही, आणि मग तेच केलं जातं.

प्रश्नाची कमाल लांबी १५० शब्द. आत (क), (ख), (ग), (घ) असे पोटभाग. लोकसभेच्या नियमावलीतल्या नियम ४१ मध्ये काय चालणार नाही त्याची लांबलचक यादी आहे: युक्तिवाद नको, तर्क नको, आरोप नको, विशेषणं नकोत, उपरोधही नको. आपल्याकडची निवेदनं वाचली तर यातलं सगळं पहिल्या परिच्छेदातच सापडतं. न्यायप्रविष्ट बाब नको. सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहिती नको. आधी उत्तर दिलेला प्रश्न तसाच पुन्हा नको. हा शेवटचा मुद्दा सर्वाधिक नडतो, कारण थांब्याचा किंवा पुलाचा विषय आधीच्या खासदाराने विचारलेला असतो आणि नव्या पीएला ते ठाऊक नसतं. मसुदा करण्याआधी जुनी उत्तरं शोधली तर सूचना वाया जात नाही. शिवाय मागच्या उत्तरातली तारीख किंवा आकडा पकडून पुढचा प्रश्न बांधता येतो.

मसुद्यावर सगळं कसं अवलंबून असतं हे थांब्याच्या उदाहरणावरून बघा. "अमुक स्थानकावर तमुक एक्स्प्रेस थांबवण्याचा सरकारचा विचार आहे काय?" असं विचारलं की रेल्वे मंत्रालयाचं उत्तर जवळजवळ छापील येतं: थांबे देणं ही भारतीय रेल्वेवरची निरंतर प्रक्रिया असून ती परिचालनाची सोय, वाहतुकीची गरज वगैरेंवर अवलंबून असते. झालं. वर्षभर वाट पाहून हातात एक वाक्य, आणि त्यात आपल्या स्थानकाचं नावही नाही.

तेच असं विचारावं: (क) त्या स्थानकावरची गेल्या तीन वर्षांतली वर्षनिहाय तिकीटविक्री आणि प्रवासीसंख्या, (ख) मेल-एक्स्प्रेसला थांबा देण्यासाठी सध्या लागू असलेले निकष, (ग) या स्थानकाबाबत विभागीय कार्यालयाकडे आलेले प्रस्ताव आणि त्यांच्या तारखा, (घ) त्यांवर घेतलेला निर्णय, आणि नाकारलं असल्यास कारण. 'विचार आहे काय'ला 'निरंतर प्रक्रिया' म्हणता येतं. 'किती' आणि 'कधी'ला तसं म्हणणं अवघड जातं. आकडा आला की पुढची लढाई आकड्यांवर. आकडा दिला नाही, तर तो का दिला नाही हा पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न.

रेल्वेचं आणखी एक ठेवणीतलं वाक्य आहे: प्रकल्पांची मंजुरी आणि अंमलबजावणी क्षेत्रीय रेल्वेनिहाय होते, राज्यनिहाय नाही, कारण मार्ग राज्यांच्या सीमा ओलांडतात. त्यामुळे "महाराष्ट्रातील प्रलंबित प्रकल्प" असं विचारणं म्हणजे मोघम उत्तराला आमंत्रण. आपलं स्थानक कुठे मोडतं ते आधी पाहावं. मराठवाड्याचा मोठा भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात. नागपुरात मध्य रेल्वेचाही विभाग आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे हे वेगळंच महामंडळ. प्रश्नात मार्गाचं आणि स्थानकांचं नाव, शक्य तर मंजुरीचं वर्ष घातलं की उत्तर ताळ्यावर येतं.

मंत्रालय कोणतं, हे तर त्याहून महत्त्वाचं. कांद्याचं घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला ती उठली पण किमान निर्यातमूल्य आणि शुल्क राहिलं, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. लासलगावच्या शेतकऱ्याला हा एकच प्रश्न दिसतो. दिल्लीत मात्र निर्यातीचं धोरण वाणिज्य मंत्रालयाकडे, शुल्क अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत होणारी बफर साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाकडे, आणि पीक-उत्पादनाचे अंदाज कृषी मंत्रालयाकडे. चौघांना मिळून एक प्रश्न विचारता येत नाही. चुकीच्या दारात दिलेला प्रश्न दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग होतो आणि त्या खटपटीत तारीख हुकू शकते. मुरलेली कार्यालयं अशा वेळी चार वेगळे प्रश्न चार वेगळ्या वारी लावतात.

आणि मुळात विषय केंद्राचा हवा. तलाठी, पोलीस ठाणं, जिल्हा परिषदेची शाळा, राज्यमार्ग हे संसदेत चालत नाही; तिथे आमदार, लक्षवेधी, विधानसभेतला तारांकित प्रश्न. पण केंद्राचा पैसा जिथे जातो तिथे फट असते. गावाची पाणीयोजना हा राज्याचा विषय, मात्र ती जलजीवन मिशनमधली असेल तर राज्याला किती निधी दिला, किती खर्च झाला, जिल्हानिहाय किती नळजोडण्या झाल्या हे विचारता येतं. रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर चालतो, मुख्यमंत्री ग्रामसडकचा असेल तर नाही. कामाच्या ठिकाणच्या फलकाचा फोटो निवेदनाला जोडला की पीएचा अर्धा दिवस वाचतो.

उत्तर "राज्य सरकारकडून प्रस्ताव प्राप्त झालेला नाही" असं आलं तर मंडळी हिरमुसतात. खरं तर फाईल कुठे अडलीय हे लेखी सांगणारा याच्याइतका सरळ कागद मिळत नाही. तो घेऊन मुंबईला राज्याच्या मंत्रालयात गेलं की "दिल्लीहून आलं नाही" हे नेहमीचं उत्तर तिथे चालत नाही.

तारांकित: नशीब लागलं तर उत्तम

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि विचारणाऱ्याला दोन उपप्रश्न मिळतात. एका खासदाराचा एका दिवशी एकच तारांकित प्रश्न यादीत येऊ शकतो. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ते १२, राज्यसभेत २०१४ पासून दुपारी १२ ते १. सभागृह शांत असलं तरी तासाभरात वीसांपैकी पाच-सहा, फार तर सात-आठ प्रश्न होतात. गोंधळ असला की तेही नाही. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेच्या यादीत ४१९ तारांकित प्रश्न होते, तोंडी उत्तर झालं ५५ चं.

पण पाळी आली नाही म्हणून उत्तर बुडत नाही, ते लेखी मिळतंच. हुकतात फक्त उपप्रश्न. आणि उपप्रश्नांतच तारांकितचा सगळा जीव असतो. मूळ उत्तर खात्याने आठवडाभर बसून तयार केलेलं असतं. उपप्रश्नावर मंत्र्याला तिथल्या तिथे बोलावं लागतं. तयारीचा खासदार उत्तराची प्रत हातात पडताच परिशिष्टातली विसंगती धरतो. बिनतयारीचा मंत्र्यांचे आभार मानून आपल्या जिल्ह्याची दुसरीच मागणी मांडतो आणि संधी घालवतो. आपला खासदार यांतला कोणता हे मतदाराला ठाऊक असतंच. त्यावरून तारांकितचा आग्रह धरायचा की नाही ते ठरवावं.

उत्तर अपुरं वाटलं तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. कागदावर फार छान सोय आहे. प्रत्यक्षात ती फार क्वचित वाट्याला येते.

शून्य प्रहर: आवाज मोठा, पावती नाही

शून्य प्रहर लोकसभेच्या नियमावलीत नाहीच, तो प्रघात आहे. फायदा एकच पण मोठा: १५ दिवस थांबावं लागत नाही. काल गारपीट झाली, आज बोलता येतं. सूचना दिलेल्यांचा क्रम सोडतीने लागतो, तातडीचे राष्ट्रीय विषय आधी घेतले जातात, आणि बाकीच्यांना बरेचदा संध्याकाळी कामकाज संपल्यावर बोलायला मिळतं. ३ एप्रिल २०२५ ला एका दिवसात २०२ सदस्य बोलले. कोणत्याही लोकसभेतला हा सर्वाधिक आकडा.

२०२ जण एका दिवसात बोलतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला काय येतं याचा हिशेब वेगळा करायला नको. एक-दोन मिनिटांत स्थानकाचं नाव, मागणी आणि "अध्यक्ष महोदय, आपल्या माध्यमातून" एवढंच होतं. मंत्र्याने उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. अलीकडे लोकसभा सचिवालयाकडून हे मुद्दे मंत्रालयांना पाठवले जातात आणि काहींना लेखी उत्तरं येतात, ही सुधारणा मान्य. पण ते उत्तर खासदाराच्या टपालात येतं. ते मागून घेतलं नाही तर मतदाराच्या हाती चित्रफीत तेवढी राहते.

त्या चित्रफितीचा उपयोग नाही असं नाही. स्थानिक अधिकारी ती बघतात. आंदोलनाला बळ मिळतं. मराठीतून बोललेलं तर अधिक पोचतं, आणि त्याची सोय आहे: संविधानाच्या अनुच्छेद १२० नुसार अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सहा भाषांची भर पडण्याआधीपासूनच मराठी समांतर अनुवादाच्या भाषांत आहे. प्रश्नांच्या सूचना मात्र हिंदी किंवा इंग्रजीत द्याव्या लागतात. निवेदन देताना मराठी मजकुराखाली इंग्रजी मसुदा जोडला तर विषय अनुवादात पातळ होत नाही.

नियम ३७७: ज्याची जाहिरात होत नाही ते

प्रश्नाच्या साच्यात न बसणारा विषय असेल तर ही खिडकी. आठवड्याला एका सदस्याचा एक विषय, साधारण २५० शब्दांत, दिवसाला वीसपर्यंत. मजकूर आधीच मंजूर करून घ्यावा लागतो आणि बरेचदा तो वाचून न दाखवता पटलावर ठेवला असं मानलं जातं. बघायला यात काहीच नाही. पण संबंधित मंत्र्याने महिनाभरात सदस्याला उत्तर द्यावं अशी पद्धत आहे, आणि २५० शब्दांत पार्श्वभूमी, आकडे, मागणी हे सगळं नीट मांडता येतं. शून्य प्रहरात घाईघाईत बोलण्यापेक्षा हे केव्हाही सरस. राज्यसभेत याचाच भाऊ म्हणजे विशेष उल्लेख. उत्तर महिना उलटून गेल्यावरही आलं नाही असं होतं; कार्यालयाने स्मरणपत्र पाठवलं तरच ते हलतं. म्हणून निवेदन दिलेल्यांनी तारीख लिहून ठेवावी आणि पीएला विचारत राहावं, यात काही गैर नाही.

खासगी विधेयकाबद्दल, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाबद्दल, फारसं लिहायला नको. शुक्रवारी दुपारी त्यांना वेळ असतो, १९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही.

उत्तर मिळाल्यावर

मंत्री "माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल" किंवा "बाब तपासून पाहिली जाईल" असं म्हणाला, की ते आश्वासन म्हणून नोंदवलं जातं. लोकसभेची १५ सदस्यांची शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. पूर्तता तीन महिन्यांत व्हायला हवी, मुदतवाढ मिळते, आणि कधी कधी आश्वासन वगळण्याची विनंतीही मंत्रालय करतं. संसदीय कार्य मंत्रालयाची यासाठी वेगळी ऑनलाइन प्रणाली २०१८ पासून आहे. उत्तरातला एक शब्द इथे किती फरक करतो बघा: "व्यवहार्य आढळलं नाही" म्हटलं की दार बंद, समितीकडे काहीच जात नाही. "तपासणी सुरू आहे" म्हटलं की दार किलकिलं राहतं. जाणकार खासदार उपप्रश्न विचारतो तो मंत्र्याच्या तोंडून हे दुसऱ्या प्रकारचं वाक्य काढण्यासाठी.

एकट्या-दुकट्याची तक्रार असेल, पीएफचा दावा अडकला, पासपोर्ट रखडला, तर संसदेचा नादच करू नये. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकावी. ऑगस्ट २०२४ च्या सूचनांनुसार तिथे निपटाऱ्याची मुदत २१ दिवसांची आहे. सोबत खासदाराचं मंत्र्याला पत्र. खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि उत्तर त्यापुढच्या १५ दिवसांत द्यावं, असे केंद्र सरकारच्या कार्यालयांना निर्देश आहेत. कोणत्याही अभिलेखात न येणारी ही सर्वांत शांत रीत वैयक्तिक कामाला सर्वांत वेगवान ठरते.

संसद डॉट इन: माल अस्सल, मांडणी त्रासाची

लोकसभा, राज्यसभा, दोन्हींचे प्रश्न, चर्चा, समित्यांचे अहवाल, सगळं एका छताखाली आणि फुकट. लोकसभेच्या जुन्या चर्चांचा डिजिटल ग्रंथालयातला साठा १९५२ पर्यंत मागे जातो. उत्तरं पीडीएफमध्ये, इंग्रजी आणि हिंदीत. मराठीत नाहीत, आणि इथे पहिला गुण कापला जातो.

लोकसभेच्या भागात 'प्रश्न' निवडायचं, मग लोकसभेचा क्रमांक, अधिवेशन, सदस्याचं नाव किंवा मंत्रालय. सदस्य अधिक मंत्रालय अशी चाळणी लावली की बहुतेकदा हवं ते मिळतं. शब्द टाकून शोधायला गेलात तर अडाल, कारण शोध मुख्यतः प्रश्नाच्या शीर्षकावर चालतो आणि शीर्षकं सरधोपट असतात: 'रेल्वेगाड्यांचे थांबे', 'राष्ट्रीय महामार्गांचे काम'. तुमच्या गावाचं नाव आतल्या मजकुरात किंवा परिशिष्टात कुठेतरी दडलेलं असतं. त्यासाठी पीडीएफ उघडून आत शोधावं लागतं.

नावांचा घोळ वेगळाच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. पण लोकसभा मतदारसंघांची नावं जुनीच आहेत. उत्तरात कुठे जुनं नाव येतं, कुठे नवं. दोन्ही टाकून बघावं. इंग्रजी स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हेने: सावंतवाडी 'व्ही'ने आणि 'डब्ल्यू'ने, दोन्ही भेटतात.

चर्चांच्या मजकुरात आणखी एक गोम आहे. सदस्य हिंदीत बोलला तर मजकूर देवनागरीत, इंग्रजीत बोलला तर रोमनमध्ये. इंग्रजी शब्द टाकून शोधलं की हिंदीतली भाषणं निसटतात, आणि महाराष्ट्रातले बरेच खासदार हिंदीतच बोलतात. शून्य प्रहराची चित्रफीत हवी असेल तर संसद टीव्हीच्या यूट्यूब वाहिनीवर दिवसाचं पूर्ण कामकाज मिळतं. आधी मजकुरातून साधारण वेळ काढायची, मग चित्रफितीत तिथे जायचं. उलट केलंत तर दुपार जाते.

एकंदर माहितीला पूर्ण गुण, शोधाला निम्मे.

आकडे वाचताना

कार्यअहवालात "५०० हून अधिक प्रश्न विचारले" असं छापलेलं असतं. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले जातात आणि एकाच प्रश्नावर पाच-पाच, सात-सात नावं असतात. मोजताना तो प्रत्येकाच्या खात्यात जातो. पीडीएफमधल्या नावांवर नजर टाकली तर आपल्या खासदाराचा स्वतःचा प्रश्न कोणता आणि गटातला कोणता ते लगेच कळतं. एकाच पक्षाचे तेच चार सदस्य सतत एकत्र दिसले तर मसुदा एकाच टेबलावर तयार होतोय हे समजावं. ते वाईटच असं नाही, पण त्यात तुमच्या तालुक्याचं नाव यायची शक्यता कमी.

आणि शून्य आकडा दिसला म्हणून खासदार झोपलाय असंही नाही. मंत्री प्रश्न विचारत नाहीत. जून २०२४ मध्ये आलेल्या मंत्रिमंडळात नागपूर, उत्तर मुंबई, पुणे, रावेर आणि बुलढाणा या महाराष्ट्रातल्या ४८ पैकी पाच मतदारसंघांचे खासदार आहेत. गोव्याच्या दोनपैकी उत्तर गोव्याचेही. इथल्या मतदारांना प्रश्नाची खिडकीच बंद. त्यांनी राज्यसभेच्या सदस्याकडे जावं. महाराष्ट्रातून १९ जण आहेत आणि त्यांना कोणत्याही जिल्ह्याचा विषय घेता येतो. शेजारच्या मतदारसंघाचा खासदारही विचारू शकतो, फक्त तो का विचारेल हे त्याला पटवावं लागतं.

निलंबन हा आणखी एक खड्डा. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले १४६ सदस्य निलंबित झाले. त्यांत बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शिरूरचे अमोल कोल्हेही होते. निलंबित सदस्यांच्या नावावरचे प्रश्न यादीतून काढले गेले. महिनाभर आधी नीट मसुदा करून, सोडतीत नंबर लागूनही प्रश्न असा जातो, आणि पुढच्या अधिवेशनात तो नव्याने द्यावा लागतो. त्यात बैठका आधीच कमी: १७व्या लोकसभेच्या पाच वर्षांत मिळून २७४.

या सेवेला लागणारा वेळ किती, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण कोकण रेल्वेचं. दिवा-पनवेल मार्ग १९६६ ला झाला, रोह्यापर्यंत गाडी १९८६ ला पोचली. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी आणि १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आलेल्या मधु दंडवते यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. महामंडळ स्थापन झालं १९९० मध्ये आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. स्थानकावरचा एक थांबा इतका वेळ खात नाही, पण दोन-तीन अधिवेशनं धरून चालावं.

याचिका: शेवटची आणि दुर्लक्षित

विषय सार्वजनिक हिताचा असेल, केंद्राच्या अखत्यारीतला असेल आणि वरचं सगळं करून झालं असेल, तर लोकसभेची याचिका समिती आहे. आपल्या विधिमंडळात हिलाच विनंती अर्ज समिती म्हणतात. समितीत १५ सदस्य. ती मंत्रालयाच्या सचिवांना बोलावून साक्ष घेऊ शकते, आणि प्रश्नाच्या १५० शब्दांत जे होत नाही ते इथे होतं. याचिका सभागृहाला उद्देशून लिहायची, भाषा सभ्य, शेवटी नेमकी प्रार्थना (म्हणजे मागणी), खाली सही आणि पूर्ण पत्ता. सह्या अनेक असल्या तर चांगलं, पण नियमाला एक पुरते. मराठीत लिहिली तर सही केलेला हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं जोडायची नाहीत. निवेदनाच्या सवयीने लोक तीस पानांची पुरवणी लावतात आणि तिथेच अडकतात. सभागृहात सादर व्हायला खासदाराची प्रतिस्वाक्षरी हवी. ती मिळत नसेल तर थेट समितीच्या नावाने लोकसभा सचिवालयाला निवेदन पाठवता येतं, आणि समिती अशी निवेदनंही विचारात घेते. प्रकरण कोर्टात असेल किंवा दाद मागायला दुसरा कायदेशीर मार्ग असेल तर मात्र ते परत येईल, हे आधीच तपासून घ्यावं.